प्रार्थनेचं पाणी

आमच्या छावणीतल्या चर्चमध्ये दर रविवारी लोक साक्ष देतात. उठायचं, माइकवर यायचं, देवानं आपल्यासाठी काय चमत्कार केला ते सांगायचं. पॉलिटेक्निक सोडल्यापासून साउंड सिस्टीम माझ्याकडं, त्यामुळं एकही साक्ष सुटत नाही. पण जे माइकवर येत नाहीत ते किस्से लई साचलेत!

०

याकोबमामा आमच्या चर्चचे वडील, म्हणजे कमिटीतले सगळ्यात मोठे. एका रविवारी त्यांची साक्ष, "प्रार्थनेनं गुडघा बरा झाला. गोळ्या फेकून दिल्या!" टाळ्या.

मंगळवारी आईला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं, तर मामा रांगेत! तोंडाला रुमाल.

"मामा, तुम्ही?"

"गप! डॉक्टरसाठी प्रार्थना करायला आलोय."

०

संडे स्कूलची तोंडी परीक्षा मामाच घेतात. "प्रभूनं काय काय केलं?" पोरांनी धडाधड सांगितलं, पाण्यावर चालला, आंधळ्याला दृष्टी दिली, मेलेल्याला उठवलं. एक चिमुरडी म्हणाली, "वैऱ्याला माफ करायला शिकवलं."

"बेटा, ते नुसतं बोलणं झालं. केलं काय ते सांग!"

मी हादरलो. नुसतं बोलणं?

०

मग दुष्काळ पडला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. कमिटीनं उपास केले आणि आवारात बोअर मारला. पाणी लागलं! मामा चिखलात गुडघे टेकून रडले. मशीनवाला म्हणाला, "साहेब, मागच्या बिल्डिंगलाबी ह्याच पट्ट्यात लागलं व्हतं." त्याला कुणी माइक दिला नाही.

दुसऱ्याच दिवशी बोअरच्या नळाभोवती लोखंडी पेटी बसली. तिला कुलूप. किल्ली मामांकडं.

०

भिंतीपलीकडं टॉवर उठतोय. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये गयाबाई राहते. पिशोर गावाकडची. चारा संपला, मेंढरं विकली, आता विटा वाहते. लेक बाळंतीण, आणि टँकर शेडपर्यंत येतच नाही. हंडा घेऊन आली.

मामा म्हणाले, "बाई, हे प्रार्थनेचं पाणी आहे. आधी तीन रविवार उपासनेला बस."

मला वाटलं, चेष्टा करतायत. नाही, खरंच म्हणत होते! मी भांडलो, तर म्हणे, "कॉलेज सोडलेल्यानं अक्कल शिकवू नये."

गयाबाई बसली. शेवटच्या बाकावर, मांडीत रिकामा हंडा. तोवर मी घरातून एक कळशी देत होतो. बाळंतिणीच्या घरात एक कळशी पुरते किती?

०

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधला विहिरीचा भाग वाचला. प्रभू प्रवासानं दमून विहिरीवर टेकतो आणि परक्या जातीच्या बाईकडं प्यायला पाणी मागतो, तो. मग मामांनीच गयाबाईला साक्षीला उठवलं. "सांग बाई, देवानं काय केलं?"

तिनं माइक धरला.

"तुमचा देव बी तान्हेला व्हता म्हंता. मंग त्या बाईनं त्याला आधी किती रविवार बसवलं?"

सवयीनं दोघं-तिघं "हालेलुया" म्हणाले.

मामांनी मला खूण केली, आवाज बंद कर. मी वाढवला.

"लेकीला पाणी पायजे, साहेब," दोन्ही स्पीकरमधून घुमलं.

मामा उठले. खिशातून किल्ली काढत बाहेर निघाले. अख्खं चर्च खिडक्यांपाशी. म्हटलं, चला, झाला एकदाचा चमत्कार!

मामांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं. घट्ट लागलेलं होतं. किल्ली परत खिशात टाकली.