जावयाचं घड्याळ माझ्या मनगटावर

१९८८ साल. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो, म्हणजे माझ्या आईच्या हिशोबाने. शाळेत दुसरीपर्यंत गेलो. मास्तरने हातावर छडी मारली, मी ती हिसकावून त्याच्याच पोटरीवर ओढली आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आमचं काम केळीचं. रावेर-सावद्याच्या पट्ट्यात मळ्यांतून घड उतरवायचे, गाडीने स्टेशनला न्यायचे आणि वॅगनीत रचायचे. माझ्या हाताखाली गड्यांची टोळी होती, मी मुकादम. घड खांद्यावरून पडला की माल काळा पडतो, म्हणून ज्याच्या हातून पडला त्याच्या कानाखाली मी तिथल्या तिथे लावायचो. कोणी उलटून बोललं तर दुसरी. टोळी अशीच चालते. ज्यांनी माझा मार खाल्ला ते आजही रस्त्यात भेटले की रामराम घालतात.

आदल्या वर्षी थोरल्या पोरीचं लग्न केलं. आमच्याकडे अक्षता पडल्या की सासऱ्याने स्वतःच्या हाताने जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधायचं. अंगठी मामाने घातली तरी चालते, घड्याळ मात्र सासऱ्यानेच. मग माणसं जवळ येऊन जावयाचा हात उलटासुलटा करून बघतात आणि त्यावरून पोरीच्या बापाची पत ठरते. देशी घड्याळ सगळेच देत होते. मी म्हटलं, आपण परदेशी द्यायचं. आमचा माल नेणारा एक ट्रक ड्रायव्हर मुंबईला जायचा, त्याने आणून दिलं. पिवळंधमक, हातात घेतलं की वजन लागायचं, साखळीचा पट्टा. तबकडीवर इंग्रजीत नाव होतं, ते मला वाचता येत नव्हतं. मांडवातल्या एका मास्तराने वाचलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. तेवढं मला पुरलं. आहेर पुकारायचा माईक मी हातात घेतला आणि सांगितलं, "असं घड्याय जिल्ह्यात कोन्या जावयाच्या हातात नाही!"

जावई धुळ्याचा. आग्रा रोडला एका गॅरेजात ट्रकचा फिटर. पोरगा अंगाने दणकट, कमावता. पोरगी नांदायला गेली.

त्या साली अक्षय तृतीया, आमची आखाजी, तोंडावर आली. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मुऱ्हाळी म्हणून माझा पुतण्या तिला आणायला निघणार, त्याच्या आदल्या दुपारी ती एकटीच एसटीतून उतरली. पदर तोंडावर धरलेला. तिच्या आईने पदर बाजूला केला आणि किंचाळली. वरचा ओठ उभा फाटलेला, पुढचा दात गेलेला, एका कानाची पाळी कुडकं ओढून चिरलेली. मानेवर रक्त वाळून काळं झालं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"घड्याय, आबा." तिला नीट बोलता येत नव्हतं. "काचीत वाफ धरली. गॅरेजच्या मालकानं पाह्यलं, डुप्लिकेट हाये म्हने. सारे हासले त्याले."

मी घड्याळाचंच आणखी विचारलं, बाकी काही नाही. तोंड धुतलं, टोपी घातली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या गॅरेजात गेलो तेव्हा जावई ट्रकच्या खाली निजून काहीतरी कसत होता. दोन्ही पाय धरून मी त्याला बाहेर ओढला. पाठ खडीवर घासली, सदरा वर गेला. तो उठायच्या आत त्याचं डोकं बंपरवर आपटलं. त्याने हाताला लागली ती लोखंडी टामी उचलली आणि माझ्या खांद्यावर घातली. हाड वाजलं ते मला ऐकू आलं. मी त्याचा गळा सोडला नाही. मेकॅनिक लोकांनी आम्हाला ओढून लांब केलं, तेव्हा त्याच्या भुवईतून रक्ताची धार लागली होती आणि माझा डावा हात वर होत नव्हता.

"हाई घड्याय डुप्लिकेट शे!" तो ओरडला. "बठ्ठा गावमा मनं हसू व्हयनं! तुम्ही माले फसाडं!"

"घड्याय चांगलं हाये," मी म्हटलं. "तुलेच वापरता येत नाही."

त्याने ते हातातून काढलं आणि माझ्या तोंडावर फेकलं. गालाला लागून खडीत पडलं. उचलून पाहिलं, सेकंदाचा काटा चालूच होता. तिथेच, सगळ्यांच्या देखत, मी ते माझ्या मनगटावर चढवलं.

मग बैठक बसली. अमळनेर दोघांना मधलं पडतं, म्हणून तिथे एका कापसाच्या जिनिंगच्या ओट्यावर. त्यांच्याकडून जावयाचा मामा होता, पिकल्या मिशांचा, सगळे त्याला नाना म्हणत. बैठकीत त्याचा शब्द चालायचा. माझ्याकडून मी, माझा चुलतभाऊ, आणि मागे पोरगी व तिची आई.

नाना म्हणाला, "भाऊ, पोरीचं मागून बघू. आधी घड्याळाचं ठरवू. खोटं दिलं असेल तर दोष तुमचा, मग पोराचा हात उठला तर त्याला कारण होतं. खरं असेल तर दोष पोराचा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या ओट्यावर एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"घड्याळवाल्याकडे नेऊन उघडू," कोणीतरी बोललं.

"उघडायचं नाही," मी म्हटलं. "मी मांडवात माईकवर बोललो आहे. माझा शब्द कोणी पेचकसने तपासायचा नाही. हे घड्याळ मी आजपासून पोळ्यापर्यंत माझ्या हातात घालतो. केळी तोडीन, वॅगनी भरीन, हातातून उतरवणार नाही. पोळा झाला की इथेच येऊ. अमळनेर स्टेशनच्या घड्याळाशी जुळलं तर खरं. नाही जुळलं तर मी याच्या पाया पडेन आणि नवं घड्याळ देईन."

"आणि जुळलं तर?"

"तर यानं चारचौघांत चूक कबूल करायची आणि पोरीला मानानं न्यायचं."

नाना म्हणाला, "मंजूर." तोवर पोरगी माझ्याकडे.

आता ते घड्याळ कसं टिकलं ते सांगतो, कारण माझ्याइतकं असं घड्याळ कोणी वापरलं नसेल. केळीचा चीक आधी पांढरा असतो, मग काळा पडतो आणि कपड्यावरून जन्मात जात नाही. पट्ट्याच्या कड्या चिकाने भरल्या, हात वाकवला की करकरायच्या. सोन्याचं पाणी आधी पट्ट्याच्या कुलपावरून उडालं, मग कडांवरून. जेठ संपेपर्यंत ते नळाच्या तोटीसारखं दिसायला लागलं. मनगट हिरवं पडलं, खाली फोड आले, फुटले, पुन्हा आले. पोरगी हळद-तेल घेऊन बसायची. मी कुलूप खट्‌कन उघडून पट्टा वर सरकवला की ती वाटी तिथेच ठेवून आत निघून जायची. मला वाटायचं, तिला फोड बघवत नाहीत.

एकदा वॅगनीचा दरवाजा सरकवताना हात सापडला. कातडी फाटली, काच आडवी तडकली. मी हात उपसून काढला, रक्त सदऱ्याला पुसलं आणि आधी काटा पाहिला. चालू.

आषाढात दुसऱ्या टोळीने आमच्या वॅगनीपुढे गाड्या आडव्या लावल्या. शिव्या झाल्या, मग ढकलाढकली. त्यांच्यातल्या एकाने चाकू काढून माझ्या पोटावर वार केला. मी हात मध्ये घातला. पातं पट्ट्यावरून सरकलं, कड्या तुटल्या, मनगटाला फक्त ओरखडा. मी घड वाहायचा दांडा उचलला आणि त्याला बडवलं. तो पडला तरी थांबलो नाही. बरगड्यांवर दांडा बसला की ओल्या पोत्यासारखा आवाज यायचा. माझ्याच गड्यांनी मला कमरेला धरून मागे ओढलं. तो माणूस दिवाळीपर्यंत खाटेवर होता. मी तुटल्या कड्यांत तार ओवली, पक्कडीने पिळली आणि घड्याळ पुन्हा चढवलं.

श्रावणात आत पाणी गेलं. काचेखाली थेंब फिरायचा. तारीख एका आकड्यावर अडकून बसली. पण वेळ? सकाळी रेडिओवर बातम्यांचे ठोके पडायचे तेव्हा मी मनगट डोळ्यांपुढे धरायचो. रोज बरोबर. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मी ओरडायचो, "पाहा, डुप्लिकेट म्हणे!"

बायको म्हणायची, "हात सडला तुमचा."

"सडू दे. घड्याय चालू हाये ना?"

पोळा झाला. आम्ही अमळनेरला गेलो. सगळी बैठक चालत स्टेशनावर गेली. नाना पुढे, मागे मी हात छातीवर धरून, त्याच्या मागे जावई आणि पाहुणे, शेवटी बायको आणि पोरगी. नानाने माझं मनगट धरून फलाटावरच्या घड्याळाखाली नेलं. दोन्हीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. तडकलेली काच, तारेने बांधलेला पट्टा, पितळ झालेली डबी. आणि काटे जिथे हवे तिथे.

"जुळलं," नाना म्हणाला. "भाऊ, तुम्ही जिंकलात. बोल रे भाच्या."

जावयाने खाली बघून सांगितलं, "घड्याय चांगलं शे. मनी चूक व्हयनी." मग पोरीकडे वळला. "चाल व. पिशवी उचल."

माझ्या छातीत हवा मावत नव्हती. मी चुलतभावाच्या पाठीवर थाप मारली.

पोरगी पाण्याच्या नळाजवळ उभी होती. तिने पिशवी उचलली नाही. म्हणाली, "आबा, ते नवं होतं तवाही तो मारे."

"काय?"

"लग्नाच्या पयल्याच महिन्यापासून. काच चांगली होती, पट्टा चकाकत होता, तवापासून. मारायच्या आंधी घड्याय काढून कोनाड्यात ठेवे. त्याले ओरखडा पडू नाही म्हनून. कुलूप खट्‌ वाजलं का मले समजे." ती रडत नव्हती. "म्हनूनच ते इतकं चांगलं राह्यलं, आबा."

नाना म्हणाला, "पोरी, आता हे—"

त्याचं वाक्य मी ऐकलं नाही. जावई हसल्यासारखा काहीतरी बोलायला गेला आणि माझी मूठ त्याच्या नाकावर बसली. नाक मोडलं, मला हातात कळलं. तो भिंतीला टेकला, मी दुसरा, तिसरा, मोजले नाहीत. घड्याळ मी काढलं नव्हतं. एका ठोशात काच त्याच्या गालात फुटली आणि काटे गळून पडले. तो माझ्या पोटात लाथा घालत होता, त्याच्या दोघा भावांनी मागून माझे केस धरले, माझा चुलतभाऊ त्यांच्यावर पडला. बायका ओरडत होत्या. कोणीतरी माझ्या हाताला कडकडून चावलं. शेवटी हमाल धावून आले आणि त्यांनी आम्हाला उचलून बाजूला फेकलं. जावई फलाटावर बसून दात थुंकत होता. मी पाहिलं, एकच गेला होता. म्हटलं, बरोबर झालं.

नाना म्हणाला, "शब्द दिला होता तुम्ही, भाऊ. जुळलं तर पोरगी पाठवायची!"

"शब्द घड्याळाचा होता," मी म्हटलं, "ते जुळलं." पट्ट्याची तार उपसली आणि तो सांगाडा त्याच्या पायाशी टाकला. पोरीला म्हटलं, "चल."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं फुगून वाकडी झाली होती. जळगाव आलं तेव्हा मी विचारलं, "आखाजीलेच काहून सांगितलं नाही?"

"तुमी घड्यायचं इचारत होते," ती म्हणाली. "इचारलं ते सांगितलं."

तिची आई माझ्याकडे बघत राहिली, पार भुसावळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटांना फडकं गुंडाळलं, केळीचा रिकामा ट्रक काढला, मागे टोळीतले गडी बसवले, कोयते घरी ठेवायला लावले, आणि पोरीला पुढे केबिनीत घेऊन धुळ्याला गेलो. तो घरात नव्हता, दवाखान्यात होता. त्याची आई दारात आडवी उभी राहिली. मी म्हटलं, "विहीणबाई, सरका. नाहीतर चौकटीसकट काढीन." ती सरकली. पोरगी आत गेली आणि बोट दाखवत सुटली. हे आमचं, हे त्यांचं, हा पाटा त्यांचा, राहू द्या. गड्यांनी लग्नातली खाट, कपाट, शिलाई मशीन, हंडा, परात, कळशी एकेक करून ट्रकात चढवलं. गल्ली सगळी ओट्यावर आली होती. शेवटी पोरगी चुलीशी गेली. तवा आमचा होता आणि त्यावर सासूची भाकरी टाकलेली होती.

"तवा बी ली जाशी का व?" सासू म्हणाली.

पोरीने अर्धी कच्ची भाकरी काढून सासूच्या ताटात ठेवली, पदराने तापलेला तवा धरला आणि माझ्या हातात दिला. मी तो तसाच, चटके खात, ट्रकात ठेवला आणि मागची फळी लावली.