कांजी हौसातल्या मधमाश्या

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकत होतो, तेव्हा सौंसर तहसिलातल्या आमच्या गावच्या पंचायतीने मधमाश्यांना गुरांचा कायदा लावला. गावात मधमाश्या फक्त माझ्या बाबांकडे होत्या, म्हणजे कायदा गावासाठी असला तरी लागू एकट्या आमच्या घराला होता.

बाबा दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत मजुरी करायचे. आम्हाला शेत नव्हतं, गाय नव्हती, साधी बकरीही नव्हती. रामाकोन्याच्या एका शिबिरात त्यांना मधपेटी मिळाली. ती त्यांनी अंगणात एका लाकडी घोडीवर ठेवली. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, त्या आई रोज भरायची. संध्याकाळी माश्या परतू लागल्या की बाबा समोर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "आपल्याले धुरा नाई, पन आपलं जनावर साऱ्या गावच्या धुऱ्यावर चरून येते." धुरा म्हणजे शेताचा बांध.

हे वाक्य एका पंचाच्या कानावर गेलं. त्याची स्वतःची संत्र्याची बाग होती आणि आंबिया बहाराची फुलं नुकतीच लागली होती. त्याने तक्रार केली की आमचं जनावर विनापरवानगी त्याच्या बागेत चरतं.

शनिवारी मी पुस्तकातून टिपणं काढून गावी आलो आणि थेट या तक्रारीवरच्या पंचायतीच्या बैठकीला गेलो. सरपंच जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून आले होते, कपाळावर शेंदूर ताजा होता. मी उभा राहिलो. आमच्या घरातून पंचायतीपुढे बोलणारा मी पहिलाच. माश्या रस घेतात, पण फुलांतले पराग इकडून तिकडे नेतात, त्यामुळे फळधारणा वाढते, असं मी जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे माशा चोरत नाई, उलट देऊन जाते?" सरपंचांनी विचारलं.

"हो."

"मंग पावती कुठं हाये?"

सगळे हसले. मीही हसलो.

मधमाश्यांचा नियम सचिवाला कुठे सापडला नाही. दुसऱ्याच्या जमिनीत शिरणाऱ्यांबद्दल एकच नियम होता, तो गुरांचा. तोच पुढे ओढून ठराव झाला: वस्तीत मधमाश्या पाळणाऱ्याने त्या बांधून ठेवाव्यात, चरायला सोडल्यास सोबत गुराखी द्यावा, मोकाट सापडल्यास त्यांना कांजी हौसात, म्हणजे गुरांच्या कोंडवाड्यात, घालावं.

"पण बांधायच्या कशा?" मी हळूच विचारलं.

"ते मालकानं पाहावं," बागवाला पंच म्हणाला. "बैल कसा बांधावा ते पंचायत सांगते का?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, जप्तीला आला. अंगावर घोंगडी, तोंडावर दुपट्टा, आणि उभा मात्र फाटकाबाहेर. "बापू, तूच घेऊन चाल नं," तो म्हणाला. बाबांनी पेटीचं तोंड कापसाने बंद केलं आणि ती डोक्यावर घेऊन कांजी हौसात नेली. जप्त झालेलं जनावर पुढे, कोटवार बराच मागे. तिथे एक म्हैस बांधलेली होती. तिच्यापासून लांब पेटी ठेवून, माश्या गुदमरू नयेत म्हणून बाबांनी कापूस काढला.

सकाळी माश्या कांजी हौसातून फुलांवर गेल्या आणि परतताना जुन्या सवयीने आमच्या अंगणात आल्या. रिकाम्या घोडीवर त्यांचा घोस लटकला. आईने वाट्या भरल्या.

"आल्या," बाबा म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. राणी आणि पिल्लं तिकडे, या इकडे. असंच राहिलं तर दोन्हीकडच्या मरणार होत्या.

दुपारी सरपंच, सचिव आणि पंच घरासमोर आले. आरोप होता, जप्तीतलं जनावर मालकाने पळवलं. पंचनामा रस्त्याच्या पलीकडून सुरू झाला.

"ओळख पटव," बागवाला पंच ओरडला. "ह्याच का त्या?"

"बागेत तुमीच पाह्यल्या होत्या नं भाऊ," बाबा म्हणाले. "या, जवळून पाहा."

पंच जागचा हलला नाही. सरपंच माझ्याकडे वळले. "तू सायन्स शिकून राह्यला नं गा? सांग, त्याच हायेत?"

मी पुष्कळ विचार केला. "बहुतेक त्याच. पण एकेक माशी पाहून खात्रीनं सांगता येत नाही."

कॉलेजात जाऊन एवढंही सांगता येत नाही, याची मला लाज वाटली. सचिवाचा चेहरा मात्र खुलला. शिंग, ठिपका, डाग पाहून जनावराची ओळख पटली तरच त्याला मालक, असा नियम होता. ओळख नाही तर मालक नाही, मालक नाही तर गुन्हा नाही. शिवाय पेटी लाकडाची, आणि कांजी हौसात लाकूड ठेवायची तरतूद नव्हती.

"लाकूड तुमी घेऊन जा," तो बाबांना म्हणाला. "जनावर लावारिस म्हनून सोडून देऊ."

"अन् माह्या फुलाचं?" बागवाला भडकला.

"लावारिसानं खाल्लं भाऊ. तक्रार कोनावर करता?" मग पुन्हा बाबांकडे वळून, "फक्त पंचांसमोर एक सांगा, माशा तुमच्या नाई."

बाबा घोडीकडे पाहत राहिले. शेवटी दारातून आई म्हणाली, "म्हना नं वो. राणी मरून जाईन तिकडं."

"माह्या नाई," बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की सचिवाने पुन्हा म्हणायला लावलं. बाबांनी पुन्हा म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी पेटी आणून घोडीवर ठेवली. घोसातल्या माश्या एकेक करून आत गेल्या.

ठराव काही रद्द झाला नाही. पुढे तो पंच कधी आमच्या घरावरून गेला की मुद्दाम विचारायचा, "काहो, कोनाच्या माशा या?"

"लावारिस हायेत भाऊ," बाबा वाट्यांतली मुंगी काढत सांगायचे. "राह्यते इथं."

धुऱ्याचं ते वाक्य मात्र ते पुन्हा कोणाला म्हणाले नाहीत. संध्याकाळी माश्या परतू लागल्या की समोर बसायचे, आणि कोणी आलं तर आधी त्याला पाणी विचारायचे.