एकतीस चाकू आणि आमचे दाजी

इंग्लंडातल्या अख्ख्या बर्कशायरमध्ये सगळ्यांत जास्त चाकू बाळगणारा आणि त्यांतल्या एकानेही आजवर काही न कापलेला माणूस कोण, असा शोध कुणी घेतला, तर तो ब्रॅकनेलला आमच्या घरापासून चार दारं सोडून येऊन थांबेल. तिथे माझे साडू राहतात. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिरजेकडच्या पद्धतीने बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचा विभाग सांभाळतात, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढण्याचा त्यांना पगार मिळतो. घरी येताना ही सवय ऑफिसातच ठेवून यायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

चाकू म्हणजे स्वयंपाकघरातले नव्हेत. ते मेव्हणीच्या ताब्यात असतात आणि दाजी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. दाजींचे चाकू खिशातले, घडीचे, कारखान्यात तयार झालेले, पण असल्या-तसल्या कारखान्यात नाही. पातं तीन इंचांच्या आत आणि उघडल्यावर अडकून न बसणारं, कारण इथल्या कायद्यानं तेवढाच चाकू खिशात ठेवून हिंडता येतं. तो कायदा दाजींना तोंडपाठ आहे. शिवाय त्याचा छापील कागद पाकिटात असतो आणि तो त्यांनी आजवर एका पोलिसाला, दोन शेजाऱ्यांना आणि गणपतीला आलेल्या एका निरुपद्रवी भटजींना वाचून दाखवलेला आहे. यांपैकी पोलिसानेच काय ते शेवटपर्यंत ऐकलं.

नवा चाकू आला की त्याची तपासणी सुरू होते. आधी तो मिटून खिडकीच्या उजेडात धरायचा आणि पातं दोन्ही बाजूंच्या बरोबर मधोमध आहे का ते एक डोळा मिटून बघायचं. केसभर जरी डावीकडे झुकलेलं असलं तरी दाजींचा चेहरा पडतो. "एवढे पैसे घेतात आणि पातं भिंतीला टेकून उभं!" मग पातं आणि पाठीची स्प्रिंग यांच्यात फट आहे का, ती बघायला भिंग. मग आवाज. नारळ कानाशी धरून हलवावा तसा चाकू कानाशी नेऊन ते तो उघडतात, मिटतात. उघडताना 'टक्' आणि मिटताना 'टाक्' असं स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. स्प्रिंग जेवढी कडक, तेवढा चाकू खानदानी, असं त्यांचं ठाम मत. शेवटी धार. ती डाव्या हातावरचे केस भादरून बघतात. त्यामुळे दाजींचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत ठिकठिकाणी गुळगुळीत असतो आणि उजव्यावर मात्र रान माजलेलं. एकदा ब्लडप्रेशर तपासायला गेले, तर नर्सनं गंभीर होऊन विचारलं की हे किती दिवसांपासून होतंय. दाजींनी आणखी गंभीर होऊन सांगितलं, की स्टीलवर अवलंबून आहे.

हे सगळं एका स्प्रेडशीटमध्ये नोंदलं जातं. तिला चौदा रकाने आहेत आणि शेवटचा रकाना 'पैशाला न्याय' असा आहे. यावर दाजी तास तास बोलू शकतात. दुप्पट किमतीचा चाकू दुप्पट चांगला असतो का? नसतो. मग तो का घ्यावा? "हे बघ," ते मला समजावतात, "शंभर पौंडांपर्यंत तू चाकू विकत घेतोस. त्याच्यावर जे देतोस ते मनाच्या शांतीचं." मनाची शांती आजवर एकतीसदा पोस्टाने आलेली आहे. इथे चाकूचं पार्सल देताना कुरियरला वय तपासावं लागतं. त्यामुळे पांढऱ्या मिशांचे, छप्पन्न वर्षांचे दाजी दर दोन महिन्यांनी स्वतःच्या दारात उभे राहून आपण अठरा वर्षांचे झालो असल्याचा पुरावा देत असतात. आणि एवढं करून घेतलेलं ते पार्सल ते गाडीच्या किल्लीने फोडतात. चाकूने पुठ्ठा कापला तर धार जाते.

त्यांच्या ऑफिसात एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाला लेमन ड्रिझल केक आला आणि किचनमधली सुरी सापडेना. सगळे दाजींकडे वळले. दाजींच्या खिशांत त्या वेळी तीन चाकू होते. "लिंबू आहे त्यात," दाजी म्हणाले, "स्टीलला डाग पडेल." अखेर केक प्लॅस्टिकच्या फूटपट्टीनं कापला गेला. तुकडे सारखे यावेत म्हणून मापं दाजींनीच घेतली, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

माणसाला वेड लागतं ते कुठून तरी लागतं. दाजींना लागलं ते हीथ्रोवर. सहा वर्षांपूर्वी आमचे सासरे, अण्णा, पहिल्यांदा इथे आले होते. अण्णा मिरजेच्या टेक्निकल शाळेत फिटिंग शिकवायचे. तरुणपणी बाजारात घेतलेला शिंगाच्या मुठीचा एक साधा चाकू जन्मभर त्यांच्या खिशात असायचा. धार लावून लावून त्याचं पातं निम्मं झालं होतं. दोन्ही मुलींना पेरू, काकडी, कैरी काय हवं ते त्यांनी त्याच चाकूनं कापून भरवलेलं. परत जाताना बॅगा भरण्याचं काम दाजींनी घेतलं, कारण दुसऱ्यानं भरलेली बॅग त्यांना चालत नाही. मोठी बॅग हरवली तर अण्णांचा चाकू जाईल, या काळजीनं त्यांनी तो हातातल्या पिशवीत, दाढीच्या सामानात ठेवला. आज कायदा तोंडपाठ असलेल्या या माणसाच्या तेव्हा हे डोक्यातच आलं नाही, की विमानात तो चालत नाही. सिक्युरिटीवाल्यानं तो काढला, सभ्यपणे सॉरी म्हणाला आणि एका डब्यात टाकला. अण्णांच्या व्हीलचेअरमागून, परवानगी काढून तिथवर गेलेले दाजी त्याला हात जोडत राहिले. अण्णा म्हणाले, "असू दे हो जावईबापू, जुनाच तर होता."

अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण सासूबाई एकदा फोनवर सहज बोलून गेल्या, की पेरू दिसला की यांचा हात अजून खिशाकडे जातो. त्या दिवसापासून दाजी अण्णांसाठी चाकू शोधायला लागले. मी मिरजेला जाताना सुपरमार्केटमधून एखादा घेऊन जाऊ का विचारलं, तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. हरवला त्याच्या तोडीचा हवा. आणि तोडीचा कुठला, हे ठरवण्यात सहा वर्षं गेली. एक पसंत पडला की कुठेतरी नवीन स्टील निघायचं. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, साउथहॅम्प्टनला नर्सिंग शिकते. ती एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, तुझा स्प्रेडशीट कधी फिनिश होणार? आजोबा एटी-थ्री आहे." दाजींनी घास खाली ठेवला. मेव्हणीनं मुलीकडे डोळे वटारले, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

यंदा मे महिन्यात अण्णा आणि सासूबाई पुन्हा आले. हा लांबचा प्रवास शेवटचाच समजा, असं मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे अण्णा परत जाण्याआधी चाकू ठरायलाच हवा होता. दाजींनी एकतिसातले सात निवडले. एका रविवारी सकाळी डायनिंग टेबलवर पांढरा टॉवेल अंथरून त्यावर ते ओळीनं मांडले, आणि शेजारी बशीत पेरू. पेरूंसाठी ते आदल्या दिवशी लंडनपलीकडच्या इल्फर्डपर्यंत गाडी घेऊन गेले होते. दाजींच्या चाकूंना त्या दिवशी पहिल्यांदा फळ दिसणार होतं.

अण्णांनी चष्मा लावला आणि पहिला चाकू हातात घेतला. फिटिंगचे मास्तर ते. त्यांनी तो न उघडताच कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वा! सांधा कुठं लागत नाही हो. काम झकास आहे." दाजींचा चेहरा असा फुलला, की सहा वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. मग अण्णांनी पात्याच्या खाचेत नख घातलं. पातं थोडं वर आलं आणि परत मिटलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग दुसरा चाकू घेतला, मग तिसरा. सगळे खानदानी, सगळ्यांच्या स्प्रिंगा कडक. अण्णांचा अंगठा थरथरत होता. चौदा रकान्यांत दाजींनी सगळं तपासलं होतं, फक्त हात तपासला नव्हता.

"नखं कालच काढली ना मी," अण्णा आपल्या बोटांकडे बघत म्हणाले.

"नवीन आहेत, अण्णा. तेल मुरायचंय अजून," दाजी म्हणाले.

दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. पेरू मेव्हणीनं आत नेऊन किचनच्या सुरीनं कापून आणले. दाजींनी खाल्ले नाहीत.

पुढच्या शनिवारी सकाळी ते मला घेऊन चाकूंसाठी नावाजलेल्या शेफील्डला निघाले. तिथे एका गल्लीत, दोन गॅरेजांच्या मधे, चाकू दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर बसतो. वाटेत तीन तासांत दाजींनी एकाही स्टीलचं नाव काढलं नाही. मला तर गाडी बिघडल्यासारखंच वाटत होतं. कारागिरापुढे त्यांनी ठेवला तो त्यांच्या यादीत पहिला असलेला, ज्याला चौदाही रकान्यांत पैकीच्या पैकी आहेत असा एकमेव चाकू. म्हणाले, याची पाठीची स्प्रिंग घासून पातळ करा, लहान मुलालाही उघडेल अशी. म्हाताऱ्यानं चाकू उघडला, मिटला, कानाशी नेला. हुबेहूब दाजींसारखा.

"इतकी छान स्प्रिंग आहे. एकदा घासली की परत तशी नाही व्हायची," तो म्हणाला. "शुअर ना, लव्ह?"

तिकडे अनोळखी गिऱ्हाइकालाही मायेनं तसं म्हणतात, पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी पुरुषानं दाजींना 'लव्ह' म्हटलं होतं. एरवी यावर दाजींनी महिनाभर व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी ते नुसते "येस, प्लीज," म्हणाले आणि घासण्याचा आवाज सुरू झाला तसे उठून बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले. मी काचेतून बघत होतो. त्यांची पाठ दुकानाकडे होती.

घरी अण्णांनी तो चाकू उघडला तेव्हा 'टक्' झालं नाही, काहीच झालं नाही. पातं गुमान वर आलं. अण्णांनी एक पेरू घेतला, त्याचे चार भाग केले, एकाला मीठ लावलं आणि तो पहिला दाजींपुढे धरला. मुलींच्या आधी. "मला चाकू जरा सैलच आवडतो," ते म्हणाले. दाजींनी पेरू तोंडात घातला आणि काहीतरी निमित्त काढून बागेत गेले. त्यांच्या चाकूवेडाची मी इतकी वर्षं टिंगल केली, याची मला त्या दिवशी खरोखर लाज वाटली.

आता अण्णा मिरजेला आहेत, आणि या वेळी मोठ्या बॅगेतून गेलेला चाकूही. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. तब्येत, औषधं, पाऊसपाणी झालं की अण्णा आपणहून चाकू काढतात आणि कॅमेऱ्यासमोर काहीतरी कापतात. दाजी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत असतात. पूर्वी ते असे पात्याकडे बघायचे, आता अंगठ्याकडे बघतात. नवीन चाकू त्यांनी त्यानंतर घेतलेला नाही. कुरियरवाला मध्ये आमच्याकडे आला होता, तुमचे नातेवाईक बरे आहेत ना म्हणून विचारत होता.

मागच्या रविवारी मी तिथेच होतो. अण्णांनी खाचेत नख घातलं, पातं वर आलं नाही. पुन्हा घातलं. मग त्यांनी चाकू शांतपणे सासूबाईंकडे दिला, त्यांनी तो उघडून अण्णांच्या हातात ठेवला, आणि दोघं काहीच न घडल्यासारखी आमच्याशी बोलत राहिली. कॉल संपल्यावर दाजींनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"अजून जरा घासायला हवी होती का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही दाजी," मी म्हटलं. "बरोबर घासली होती."