वाकडं कोपर आणि तीन नो बॉल

दुष्काळाबद्दल चांगलं बोलू नये, पण आम्हाला क्रिकेटचं मैदान दिलं ते दुष्काळानंच. देवणीच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला तळं. सलग दोन वर्षं पावसानं दडी मारली आणि तळं आटत आटत बांधापाशी डबक्याएवढं उरलं. बाकीचा सगळा तळ उघडा पडला तशी आम्ही पोरांनी त्याच आठवड्यात तिथं स्टंप ठोकले. वर रस्त्यावर बाया टँकरपुढं हंड्यांच्या रांगेवरून भांडायच्या आणि खाली तळ्याच्या पोटात आम्ही बॅटिंग कुणाची यावरून भांडायचो. आभाळात ढग दिसला की लोक हात जोडत, आणि मला धास्ती, की आता मैदान बुडणार. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटत नव्हती.

खेळपट्टी म्हणजे वाळलेला काळा गाळ. शेवटच्या पाण्याला बैल उतरले होते, त्यांच्या खुरांचे ठसे तसेच वाळून टणक झालेले. आमच्याकडचे देवणी बैल अंगानं भारी, त्यामुळं खूरही चांगला खोल रुतलेला. चेंडू खुरात पडला की पुढं कुठं जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. ठाऊक असायचं ते फक्त माझ्या दोस्ताला. तो आधी खेळपट्टीवरून एक चक्कर मारायचा, दोन-तीन खूर हेरून ठेवायचा आणि मग सगळा डाव त्याच खुरांवर चेंडू टाकायचा. फलंदाज बैलांना शिव्या देत माघारी जायचा.

दोस्त म्हणजे गावातल्या किराणा दुकानदाराचा धाकटा मुलगा. लिंगायत घर, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडिलांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. दोस्त सहावीत असताना चिंचेवरून पडला, उजवं कोपर निखळलं आणि हाड बसवणाऱ्यानं ते जे बसवलं ते वाकडंच. पुन्हा तो हात कधी सरळ झाला नाही. कमरेवर कळशी धरावी तसा कायम मुडपलेला. दुकानातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर त्याला डावा हात लागायचा. पण त्या मुडपलेल्या हातानं तो ऑफस्पिन अशी टाकायचा की टप्पा पडल्यावर चेंडू हातभर आत वळायचा. दुसऱ्या गावचे ओरडायचे, "भट्टा टाकून राहिलाय! फेकून राहिलाय!" आमची पोरं त्याचा हात धरून त्यांच्यापुढं न्यायची. "वढून बघा, व्हतो का सरळ? न्हाई व्हत ना? मग फेकतो कुठून?" इतका साधा हिशेब होता, आणि तो आमच्यातल्या चौथी नापास पोरालाही कळत होता.

कळेना झाला तो मला एकट्याला, कारण मी शिकायला नांदेडला गेलो. कॉलेजात मला खेळायला कुणी घेईना, म्हणून खेळाच्या सरांनी अंपायरिंगला उभं केलं. त्यांनी एक वाक्य शिकवलं: हात सरळ पाहिजे, कोपरात वाकला की नो बॉल. नियमांचं पुस्तकही त्यांनी दिलं होतं. ते इंग्रजीत होतं आणि जाड होतं. मी दहा-बारा पानं वाचली आणि ते ट्रंकेत तळाशी ठेवलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला म्हणतात तो मीच. सुट्टीत गावी आलो की तळ्यात उभा राहून सगळ्यांना नियम सांगायचो. पण दोस्ताच्या कोपराबद्दल मात्र एक चकार शब्द काढला नव्हता. गावात कोण बघतंय?

मग लातूर जिल्हा झाला. तोवर जिल्ह्याचं काम म्हटलं की उस्मानाबाद, म्हणजे दोन एसट्या आणि एक मुक्काम. आता लोक कार्डावर पत्ता लिहितानासुद्धा जिल्हा लातूर हे शब्द ठळक काढायचे. नवा कलेक्टर आला, नव्या कचेऱ्या आल्या, तेव्हा क्रिकेटचा संघ तरी का मागं राहावा? निवडीचा सामना ठरला. त्यातून जो संघ निघेल तो नांदेडशी खेळणार होता. आमच्या भागातून एकालाच बोलावणं आलं, माझ्या दोस्ताला. आणि अंपायर कमी पडत होते म्हणून मलाही. गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा पांढरा कोट मागून घेतला, त्याला डेटॉलचा वास येत होता. आमच्याबरोबर यायचं म्हणून अप्पांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. बाजारच्या दिवशी. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

लातूरच्या मैदानात गवताची काडी नव्हती. प्यायला पाणी नाही तिथं खेळपट्टीवर कोण मारणार? दगडासारख्या जमिनीवर काथ्याची चटई ताणून खिळे ठोकले होते. एका कडेला मांडव होता, त्यात पुढं साहेबलोक आणि मागं बाकीचे. मी कोट चढवत होतो तेव्हा आयोजकांपैकी एकजण दुसऱ्याला हसून म्हणाला, "लेग अंपायर त्याचा गाववाला हाय म्हणं. पोराची आज चांदी हाय." मला ऐकू यावं असंच तो बोलला होता. कान तापले माझे.

दोस्ताचा पहिलाच चेंडू. टप्पा पडला, वळला आणि मधला स्टंप आडवा झाला. क्षेत्ररक्षक धावत निघाले होते, इतक्यात माझा हात खांद्याच्या रेषेत बाजूला गेला. "नो बॉल!" दोस्तानं आधी स्वतःच्या पायाकडं बघितलं. त्याला वाटलं, रेघ ओलांडली. दुसऱ्या चेंडूला त्यानं पाय हातभर मागं ठेवला. पुन्हा नो बॉल. "पाय तर मागं हाय की रे," तो म्हणाला, अजून हसतच. मी बोट माझ्या कोपराला लावून दाखवलं. तेव्हा त्याचं हसू गेलं. तिसरा चेंडू त्यानं जवळजवळ उगाच टाकल्यासारखा टाकला आणि मी तिसऱ्यांदा हात केला. कर्णधारानं त्याच्याकडून चेंडू काढून घेतला तो पुन्हा दिलाच नाही.

मी हे का केलं ते सरळ सांगतो. नियमासाठी नाही. तो माझा दोस्त आहे हे मांडवाला ठाऊक होतं आणि मला मांडवाला दाखवायचं होतं की मी दोस्तीला बधत नाही. सामना संपल्यावर सकाळचाच माणूस पाठीवर थाप मारून म्हणाला, "कडक हायेस बरं का तू." आणि मला बरं वाटलं. हेच मला सगळ्यात जास्त बोचतं.

परतीच्या एसटीत आम्ही तिघं एकाच बाकावर होतो. अप्पा खिडकीशी, डोक्यावर उपरणं घेऊन बाहेर बघत. दोस्तानं शेंगा घेतल्या आणि पुडी आधी माझ्यापुढं केली. बऱ्याच वेळानं हळूच विचारलं, "खरंच फेकतो का रे मी?"

"हाव. नियमच हाय तसा."

"तू शिकून आलास. तुला ठाव असंल," तो म्हणाला. अप्पांनी उपरणं आणखी पुढं ओढलं.

त्यानंतर दोस्तानं चेंडूला हात लावला नाही. तो दुकानात बसू लागला. बाजारातली पोरं दुकानासमोरून जाताना हात आडवा करून "नो बॉल!" ओरडायची आणि पळायची. पहिल्यांदा चिडायचा, मग तोही हसू लागला, आणि पुढं तर कुणी क्रिकेटचा विषय काढला की आपणहून सांगायचा, "मी फेकायचो बाबा. लातूरला पकडला गेलो." जणू चोरीच केली होती.

मी नांदेडला कारकून म्हणून चिकटलो. हौस होती म्हणून काही वर्षांनी अंपायरची परीक्षा दिली. तोंडी परीक्षेला एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "एखाद्याचा हात कायमचाच वाकडा आहे, सरळ होतच नाही. त्याची गोलंदाजी चालेल?" मी छाती काढून म्हणालो, "नाही. एकाला तर मी स्वतः नो बॉल दिलेत." त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "चेंडू सोडताना वाकलेला हात सरळ केला तर ती फेक. जो हात सरळच होत नाही तो फेकणार कसा? कुणाला दिलेत तुम्ही नो बॉल?" मी नाव न सांगताच उठलो. खोलीवर गेलो, ट्रंक उपसली, पुस्तक काढलं. मी सोडलेल्या पानावर ते स्वच्छ लिहिलं होतं.

तरी मी त्याला सांगितलं नाही. गावी जायचो, दुकानात चहा प्यायचो, पावसापाण्याचं बोलायचो आणि परत यायचो. एकेक वर्ष गेलं तसं सांगणं दुप्पट अवघड होत गेलं. पुढं टीव्हीवर परदेशातल्या एका फिरकी गोलंदाजाच्या कोपरावरून गदारोळ झाला. ऑफिसात जो तो कोपराबद्दल बोलू लागला आणि मला जेवण जाईना. रविवारी एसटी धरली.

दोस्त गूळ तोलत होता. केस पिकलेले. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "तू फेकत नव्हतास. नियम मीच चुकीचा समजलो होतो. तुझी गोलंदाजी बरोबर होती."

तागडी हवेतच राहिली. "परत सांग," तो म्हणाला. मी परत सांगितलं. त्यानं आतून बायकोला हाक मारली, "ए, भाईर ये, हे काय म्हणून राहिलेत ऐक." मी वहिनींना सांगितलं. मग त्यानं समोरच्या टेलरला बोलावलं. त्यालाही सांगितलं. दोस्त एकेकाच्या तोंडाकडं बघत होता, आणि मला वाटलं, आता सगळा बाजार गोळा केला तरी चालेल, मी सांगत राहीन. शेवटी त्यानं माझं मनगट धरलं आणि आतल्या खोलीत नेलं. अप्पा खाटेवर बसले होते. नव्वदीला टेकलेले. "यास्नी सांग. मोठ्यानं बोल, ऐकू येत न्हाई."

"अप्पा, हा फेकत नव्हता!"

"एनपा? काय?"

"लातूरला माझी चूक झाली! तुमचा पोरगा फेकत नव्हता, अप्पा!" मी इतक्या जोरानं ओरडलो की रस्त्यावरचे लोक थांबले.

अप्पांनी मान वर केली. मग सावकाश म्हणाले, "मी मांडवात लई मागं बसलो होतो. मला कायबी दिसत न्हवतं. तू जवळ होतास, म्हणून तुझं खरं धरलं. याला येकदाबी इचारलं न्हाई. त्या दिसापासून याच्याशी दुकानापुरतंच बोललो."

दोस्त चौकटीला धरून उभा होता. अप्पांनी खाटेवर हात आपटून त्याला कानडीत जवळ बोलावलं. तो गेला, त्यांच्या पायाशी बसला. मला थांबवलं नाही कुणी. मी बाहेर दुकानात येऊन उभा राहिलो. एक बाई पावशेर साखर मागू लागली.

"थांबा जरा," मी म्हणालो. "बाप-लेक बोलून राहिलेत."