पाच मिलिमीटर

"टेबलावर ठेव," तो म्हणाला.

मी एज फाइंडर टेबलावर ठेवला. माझ्या हातातून त्याने तो घेतला नाही. खिशातून रुमाल काढला, मी धरलेली जागा पुसली, मग उचलला. माझ्या बोटांना तेल नव्हते. नुकतेच साबणाने हात धुताना त्याने मला पाहिले होते.

"कोयत्याचा हात आहे तुझा. पाड्यावर चालेल. हे नाजूक काम आहे."

तो मालकाचा भाचा. नवा इंजिनीअर, माझ्या मुलाहून लहान. मी एकोणतीस वर्षे कामतघरच्या या कारखान्यात मिलिंग मशीनवर लूमचे सुटे भाग करतो आहे. त्याच दिवशी अवजारांच्या कपाटावर त्याच्या सहीचा कागद लागला: 'एज फाइंडर मिलिंग ऑपरेटरने हाताळू नये.' मिलिंग ऑपरेटर मी एकटाच. मी हरकत घेतली नाही. तो माझा गुन्हा, आणि तो मी येथे नोंदवतो.

एज फाइंडर म्हणजे ठोकळ्याची कड शोधायला मशीनमध्ये बसवायचा बोटाएवढा दांडा. खालचे टोक स्प्रिंगवर. मशीन फिरू लागले की टोक थरथरते. ठोकळ्याच्या कडेला हळूहळू टेकवत नेले की शांत होते, आणि केसभर पुढे जाताच झटकन बाजूला सरकते. तेथे थांबायचे. मशीनचा मध्य त्या वेळी कडेवर नसतो. टोकाच्या निम्म्या जाडीइतका बाहेर असतो. आमचे टोक दहा मिलिमीटरचे. म्हणजे पाच. हे पाच हिशेबात धरले नाहीत तर पुढचे सगळे पाचाने चुकते.

त्यानंतर, गेल्या महिन्यात, एका साच्याच्या ठोकळ्यासाठी मोजणीचे शून्य त्याने स्वतः लावले. टोक सरकले, त्याने लगेच डायल शून्यावर आणली. मी म्हणालो, "साहेब, टोकाचे पाच राहिले."

"तुला विचारलंय? हँडल फिरव."

मी हँडल फिरवले. ठोकळा एकशेवीसचा, छिद्र साठावर हवे. पडले ते त्याने टेकवलेल्या कडेपासून पंचावन्नावर.

दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस. सोबत तयार माफीनामा: 'माझ्या अडाणीपणामुळे मध्य चुकला.' सही केली तर मशीन सुटणार, हातात झाडू येणार. नाही केली तर चौकशी.

लेथवाला समजावू लागला, "चाचा, साइन कर दो. बडे लोगों से कौन उलझे?"

भाच्याने पेन पुढे केले. "करतोस ना सही?"

"न्हाय."

"आधी 'नाही' म्हणायला शिक."

ऑफिसमधले दोघे हसले. एकोणतीस वर्षे त्या ऑफिसात मी जीभ सांभाळून 'नाही' म्हणत आलो होतो. त्या दिवशी सांभाळली नाही.

"न्हाय," मी पुन्हा म्हणालो, आणि बिनसहीचा माफीनामा टेबलावर ठेवला.

आमच्या पाड्यावरचे अर्ज, हरकती, अपिले मीच लिहितो. कागदाची भाषा मला चांगली येते. भंगाराच्या पेटीतून तो ठोकळा मी काढला, लेथवाल्यासमोर कापडात बांधला आणि गाठीवरच्या चिठ्ठीवर त्याची सही घेतली. त्याने आधी ऑफिसच्या दाराकडे पाहिले, मग सही केली. मग मालकाला पत्र: पुरावा माझ्या ताब्यात आहे. कपाटावरच्या हुकुमाची प्रत सोबत जोडली. एज फाइंडरला हात लावायची मला मनाई होती, हे भाच्यानेच सही करून लिहून दिले आहे. माझा अपमान करण्यासाठी लिहिलेला कागद आता माझा पहिला दस्तऐवज आहे. पत्राची पोच घेतली, शिक्क्यासह.

चौकशी सोमवारी आहे. मला भाच्याची माफी नको. समजूत नको. मालकाने सुचवलेला 'आपसांतला मार्ग' मी लेखी नाकारला आहे. मला त्याची उलटतपासणी घ्यायची आहे. माझ्या मशीनपुढे त्याचे बोलणे ज्यांनी ऐकले, त्या सर्वांसमोर.

पहिला प्रश्न ठरला आहे. "हा ठोकळा मोजा आणि आकडा मोठ्याने वाचा."

ठोकळा मी टेबलावर ठेवणार नाही. माझ्या हातातून घ्यावा लागेल.