दोन जावांच्या मधली भिंत

मला लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरात डोकावायची खोड आहे. जे. पी. नगरच्या आमच्या घरी आई म्हणायची, "हिला आर्किटेक्ट करा, म्हणजे निदान परवानगी काढून डोकावेल." तसंच झालं. आमची मंडळी कैक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत येऊन राहिली, त्यामुळे आमचं मराठीही स्वल्प वेगळंच. शेवटच्या वर्षाला पुण्याच्या एका कॉलेजची मुलं आमच्याबरोबर काम करायला आली, तेव्हा त्यातल्या, कामात माझ्या वाट्याला आलेल्या जोडीदाराने पहिल्याच दिवशी विचारलं, "तू मराठी बोलतेस की सांबारात पोळी बुडवतेस?" मी म्हटलं, "सरी," म्हणजे आमच्याकडचं 'बरं', "आधी खाऊन तर बघ."

काम होतं हेब्बाळच्या बाजूला, पत्र्याच्या घरांच्या एका वस्तीत. कमी खर्चात बरी घरं कशी बांधता येतील, ते तिथल्या लोकांबरोबर बसून ठरवायचं. त्यातलं एक जोडघर एक संस्था नमुना म्हणून खरोखर बांधणार होती, आणि ते मिळणार होतं दोन सख्ख्या भावांना. भाऊ रंगकाम करायचे. मूळचे निपाणीकडचे, घरात मराठी बोलणारे, म्हणून हे काम आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं. दोघांची तेव्हाची घरं चिकटून, मध्ये एकच भिंत. भाऊ संध्याकाळी एकाच पायरीवर बसून तंबाखू मळायचे. त्यांच्या बायका मात्र कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

का, हे विचारल्याशिवाय मला चैन पडणार होतं होय! गल्लीत चौकशी केली. कुणी म्हणालं लग्नातल्या मानपानावरून, कुणी म्हणालं मिक्सरवरून. एका म्हातारीने तर उलट माझंच गाव, घर, लग्न ठरलंय का, सगळं काढून घेतलं. खरं कारण मला आजतागायत कळलेलं नाही आणि त्याची चुटपुट अजून आहे.

एका सकाळी मी थोरलीच्या स्वयंपाकघरात टेप लावून भिंत मोजत होते. भांड्यांच्या फळीखाली तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं एक चौकोनी झाकण दिसलं, कडीसकट. मला वाटलं कोनाडा असेल. तेवढ्यात आतून टकटक झाली. मी दचकलेच! थोरलीने शांतपणे कडी काढली. भोकातून बांगड्यांचा एक हात आला, हातात रिकामी वाटी. थोरलीने तिच्यात विरजण घातलं, हात परत गेला, झाकण बंद, कडी बंद. कुणी चकार शब्द काढला नाही.

मी आ वासून उभी.

"काय बघालीस? वाटी कधी बघितली न्हाईस?" थोरली म्हणाली. मग आवाज उतरवून, "गल्लीत बोलू नको हं. आमच्या माणसांनाबी ठाव न्हाई."

मी अर्थातच पळत पलीकडे गेले. धाकटीच्या बाजूला झाकण नव्हतं, नुसतं भोक, त्यावर कॅलेंडर टांगलेलं. मी म्हटलं, "तुमच्याकडून उघडत नाही?"

"तिकडचीनं उघडलं तर उघडतंय," धाकटी म्हणाली. जावेचं नाव ती घेत नसे, नुसती 'तिकडची'.

"आणि नाही उघडलं तर?"

"तर थांबायचं. मागं एकदा लई राग आलेला तिला. पोरीला ताप होता, मी ठोकून ठोकून दमले." तिने कॅलेंडर सरळ केलं. "नव्या घरात ही भिंत ऱ्हाणार न्हवं?"

दोन दिवसांनी थोरलीनेही मला बाजूला घेऊन अगदी हाच प्रश्न विचारला. आणि पंचाईत तीच होती. आमच्या कॉलेजच्या सरांना एकावर एक घर हवं होतं, एक भाऊ खाली, एक वर. एकच जिना, खर्च कमी. म्हणजे मधली भिंतच गेली! भिंत गेली की भोक गेलं, आणि त्या दोघींमधलं उरलंसुरलं येणंजाणंही गेलं. मला फार वाईट वाटायला लागलं.

माझा जोडीदार म्हणाला, "अगं, सोपं आहे. भोक नकाशावर लाल रंगात दाखवू, गोष्ट सांगू, सगळे टाळ्या वाजवतील." मी त्याच्या हातातून लाल पेन काढून घेतलं. "शहाण्या, चारचौघांत सांगितलंस तर त्या उद्या ते लिंपून टाकतील." त्याला ते पटलं, हे त्याचं नशीब. आम्ही घर उभं कापलं. प्रत्येक भावाला थोडं खाली, थोडं वर, मध्ये पहिल्यासारखी भिंत, भोकासकट. जिने मात्र दोन झाले.

नकाशे दाखवायची बैठक मारुतीच्या देवळापुढे भरली. सगळी वस्ती जमली होती. थोरली एका टोकाला, धाकटी दुसऱ्या टोकाला पाठ करून. सर कन्नडमध्ये म्हणाले, "दुसऱ्या जिन्याचा खर्च कशासाठी? आणि ह्या भिंतीत हे भोक कसलं?"

"झरोका आहे सर. हवेसाठी," मी म्हटलं.

"हवा? शेजारच्या स्वयंपाकघरातून?"

लोक हसले. खरी गोष्ट माझ्या अगदी जिभेच्या टोकावर आली होती, पण गिळली. दोन्ही भाऊ हातातला नकाशा उलटसुलट करून बघत होते.

तेवढ्यात थोरली उभी राहिली. "येते हवा, सर," ती कन्नडमध्येच म्हणाली. "आम्हाला लागते ती." तिने पदर सारखा केला. "फक्त त्याचं झाकण आता माझ्याकडूनच उघडतं. ते दोन्हीकडून उघडेल असं करा."

भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. धाकटी वळली, पण सरांकडे नाही. ती थोरलीकडे बघून, मराठीत, घरात बोलतात तशी बोलली.

"कडीच नको, अक्का. कुठल्याच बाजूला."

थोरलीने मान हलवली आणि ती खाली बसली. सरांना मराठी येत नव्हतं. "काय म्हणाल्या त्या?" त्यांनी मला विचारलं.

"झाकणाला कडी नको म्हणतात, सर."

सरांनी दोघींकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. दोन जिने करा."

माझ्या नकाशात थोरलीच्या बाजूला कडी दाखवलेली होती. ती मी तिथेच खोडली.