डोमाजीचं खडेमीठ

डोमाजी तायडे आमच्या वीज उपकेंद्रात मदतनीस होता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी त्याच्याइतका कामाचा माणूस पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिगतीत चूक त्याच्या हातून झाली आहे आणि आमच्यासारखे कामचुकार सहीसलामत सुटले आहेत.

दर्यापूरच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात आमचं उपकेंद्र. इथल्या विहिरीच्या पाण्याला गुरं तोंड लावत नाहीत, आणि मातीत पुरलेलं लोखंड माती खाऊन टाकते. उपकेंद्रातलं प्रत्येक यंत्र लोखंडी पट्टीनं अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेलं असतं. बिघाड झालाच तर वीज त्या पट्टीतून जमिनीत उतरावी, माणसाच्या अंगातून नव्हे, एवढंच त्यामागचं शास्त्र. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकायचा, पाणी घालायचं. ते काम डोमाजीचं.

त्यानं ते घरचं समजून केलं. सांगितलं होतं वर्षातून एकदा, हा दर शनिवारी घमेलंभर खडेमीठ टाकायचा. मीठ संपलं तर स्वतः दर्यापूरच्या बाजारातून सायकलवर आणायचा. मध्यंतरी प्रियदर्शनी नावाच्या नव्या इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्यांनी समजावलं, की इथली जमीनच खारट आहे, वरून मीठ नको, पट्ट्या सडतील. डोमाजीला ते पटलं नाही. "रीडिंग चांगलं येते ना, मॅडम," एवढंच तो म्हणाला. बाईंची बदली झाली आणि विषय मिटला.

रीडिंग, म्हणजे वीज जमिनीत किती सहज उतरते त्याचं माप, घ्यायचो मी. तपासणीच्या सकाळी डोमाजी खड्ड्यांना पोटभर पाणी पाजायचा. मी जोडणी सोडवून नुसत्या ओल्या खड्ड्याचं रीडिंग घ्यायचो आणि रजिस्टरात सही ठोकायचो. खड्ड्यापासून यंत्रापर्यंतची पट्टी मातीखाली शाबूत आहे का, हे उकरून कोण पाहतो? मातीवर दिसणाऱ्या हातभर पट्टीला आम्ही दरवर्षी हिरवा रंग मारत होतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

गेल्या वर्षी जुलैत, भर दुपारी, यार्डातलं एक इन्सुलेटर तडकलं आणि वीज स्विचच्या लोखंडात उतरली. माझा जोडीदार नईम स्विच बंद करायला गेला. त्यानं लोखंडी दांड्याला हात लावला आणि तिथंच संपला. रबरी हातमोजे खोलीत खुंटीला होते. ते कोणीच घालत नव्हतं, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी डोमाजीनं कुदळ घेतली आणि त्या स्विचची पट्टी उकरली. मी शेजारीच उभा होतो. वीतभर खाली पट्टी संपलेली होती. हात लावला तर भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला. पुढे दोन हात नुसता तांबडा गाळ, आणि मग खड्डा, मिठानं पांढरा. डोमाजी तिथंच मातीत बसला. उरलेला तुकडा त्यानं दुपट्ट्यात बांधून घेतला. तिसऱ्या दिवशी नवी पट्टी बसली, तिला रंगही लागला.

चौकशी सुरू झाली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी हातमोजे होते. दोष नईमच्या माथी जाणार, हे उघड दिसत होतं. डोमाजीच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. तो परतवाड्याची बस धरून नईमच्या बायकोकडे, हलीमाबींकडे गेला. तिथं काय झालं ते त्यानंच मला सांगितलं. उंबऱ्याच्या बाहेरूनच तो म्हणाला, "नईमभाऊची चूक नवती, बाई. मीठ म्या टाकलं."

हलीमाबी उंबऱ्यापर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "मले सांगून काय होते? जिथं लिवून राहिले, तिथं सांगा."

तो अकोल्याला जाऊन चौकशीपुढे उभा राहिला. मिठाचं, पाण्याचं, सगळं सांगितलं. दुपट्टा सोडून तुकडा टेबलावर ठेवला. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, हा त्याच स्विचचा कशावरून? मलाही जबाबाला बोलावलं होतं; डोमाजीनं माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, "साहेब, रीडिंग तर रजिस्टरात आहे."

बाहेर आल्यावर वाटलं, हा आता माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "रामरावभाऊ, तुमी तं तिथंच उभे होते." मग बसकडे चालू लागला. त्या बसमध्ये चढायची माझी हिंमत झाली नाही.

मार्चमध्ये हलीमाबी माझ्याकडे आल्या. त्या उर्दू शाळेत शिकलेल्या, सरकारी मराठी त्यांना उमगत नव्हती. नईमचा जोडीदार म्हणून निकालाचं पत्र वाचून घ्यायला आल्या होत्या. मी वाचलं: मृत्यू कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. खाली लिहिलं होतं की अर्थिंग सुस्थितीत असल्याचं रजिस्टरावरून सिद्ध होतं. ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली नाही.

"डोमाजीभाऊनं तिथं काई सांगतलंच नाही काय मंग?" त्यांनी विचारलं.

मला माझीच किळस आली. मी मान खाली घातली. त्यांनी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

डोमाजी अजून महिन्या-दोन महिन्यांनी परतवाड्याला जातो. हलीमाबी दार उघडत नाहीत.